मन उगाळायला लागतं तेव्हा

नैराश्यातून बरं होऊन पुन्हा कामाला लागलेल्या माणसाच्या मनात एक धाकधूक कायम असते: हे परत आलं तर? ती अनाठायी नसते. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते पुन्हा कधीतरी गाठतं आणि दर खेपेगणिक पुढच्या खेपेची शक्यता वाढत जाते. माझ्याकडे ते एकाहून अधिक वेळा आलं. औषधांनी मी सावरले. सावरल्यावर माझ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी सुचवलं, की आता बरं वाटतंय तोवर एमबीसीटी शिकून घ्या. माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी हे तिचं पूर्ण नाव. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दोनेक तासांचा वर्ग आणि रोजचा घरचा सराव. मी मुलुंडला राहते, वर्ग अंधेरीला होता. तिथे जे शिकले आणि नंतर लोकल, ऑफिस, स्वयंपाकघर यांच्या धबडग्यात जे पारखून घेतलं, ते इथे क्रमाने सांगते आहे.

१. उगाळणं म्हणजे विचार करणं नव्हे

दुःख उगाळताना आपण काही महत्त्वाचं काम करतो आहोत असंच वाटतं. ‘मी अशी का?’, ‘माझ्याच वाट्याला हे का?’, ‘तेव्हा मी तसं का वागले?’ उत्तर सापडलं की सुटका होईल, या आशेवर मन त्याच त्या जागी फिरत राहतं. उत्तर सापडत नाही, थकवा मात्र वाढतो.

सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती कशी आहे आणि वाईट वाटलं की ते काय करतात, याची नोंद त्यांनी घेतली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ऑक्टोबर १९८९ मध्ये, सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारलं तेव्हा दिसलं, की ज्यांना आधीपासूनच उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं अधिक होती. भूकंप सगळ्यांनी सोसला होता. त्यानंतर कोण किती खचलं, यात या सवयीचा वाटा होता.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. थोडा वेळ विचार केल्यावर ‘आता मी अमुक करणार’ असं एखादं वाक्य हाती लागलं, तर तो विचार. हाती काहीच न लागता फक्त छाती जड झाली, तर ते उगाळणं.

२. सुरुवात एवढ्याशा गोष्टीने होते

मुलुंडहून सकाळची स्लो लोकल. डब्यातली एक मैत्रीण रोज हात करून बोलावते, पर्स उचलून चौथी सीट देते. एके दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. मी कडी धरून उभी राहिले. नाहूरला वाटलं, रागावली असेल. भांडुपला, मीच काहीतरी बोलले असणार. कांजूरमार्गला, माझ्याशी कुणाचं फार दिवस पटतच नाही. विक्रोळी मागे पडलं तेव्हा ऑफिसातले जुने अपमान एकेक करून वर आले होते आणि घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत उभी असताना मनात एकच वाक्य होतं: माझा कुणाला उपयोग काय? गळा दाटलेला, खांदे वर चढलेले, पोटात गोळा. तिने मान का वळवली, ते मला आजही ठाऊक नाही.

अशाने कुणाचाही दिवस खराब होईल. पण नैराश्य येऊन गेलेल्या माणसात एवढीशी उदासीसुद्धा जुन्या विचारांची अख्खी साखळी जागी करते. टोरांटोचे झिंडेल सीगल आणि ब्रिटनचे मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल यांनी नव्वदच्या दशकात ही उपचारपद्धती बांधली, ती हाच धागा धरून. पुढे २००६ मध्ये सीगल यांच्या चमूने बऱ्या झालेल्या रुग्णांना उदास संगीत ऐकवून दुःखद प्रसंग आठवायला सांगितले. त्या तात्पुरत्या उदासीत ज्यांचे विचार जास्त काळवंडले, त्यांना पुढच्या काळात नैराश्य पुन्हा येण्याचा धोका जास्त निघाला. म्हणून राखण करायची ती मोठ्या संकटांपेक्षा नाहूर-भांडुपच्या मधल्या त्या दोन मिनिटांची.

३. हात रिकामे असले तरी मेंदू रिकामा नसतो

समोर ठरावीक काम नसतं, तेव्हा मेंदूचे काही भाग शांत होण्याऐवजी अधिक जागे होतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये हे मांडलं आणि या भागांच्या समूहाला पुढे ‘डीफॉल्ट मोड नेटवर्क’ हे नाव रूढ झालं. कपाळाच्या मागे मध्यरेषेजवळचा भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूला खोलवर असलेला पोस्टेरियर सिंग्युलेट हा भाग, ही त्याची दोन प्रमुख ठाणी. जुनं आठवणं, उद्याचं योजणं, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील याचा अंदाज बांधणं, थोडक्यात ‘मी’ची गोष्ट रचत राहणं, हे या जाळ्याचं काम. ते वाईट नाही. त्याच्याशिवाय ना संसाराचं नियोजन जमेल, ना नात्यांचं भान राहील.

नैराश्यात मात्र या जाळ्याचं, उदासीशी निगडित असलेल्या सबजेन्युअल भागाशी संधान जास्त घट्ट झालेलं आढळतं. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून हे पुढे आलं आहे. ‘मी’ची गोष्ट रचणारा भाग आणि मन उदास करणारा भाग असे एकमेकांना धरून बसले, की गोष्ट एकाच सुरात निघते. आपण लोकलमध्ये उभे असतो, कपडे वाळत घालत असतो, कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो. हात सवयीने चालतात आणि या जाळ्याला मोकळं रान मिळतं. हे समजल्यावर माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं. उगाळणं हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, असं मी वर्षानुवर्षं समजत आले होते. ती मेंदूची एक पडलेली वाट आहे, आणि पडलेली वाट सोडायला शिकता येतं.

४. विचाराशी भांडायचं नाही, त्याला ओळखायचं

किशोर फडके यांच्या लेखनामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना ओळखीची आहे. तिथे अविवेकी विचाराला धरून त्याची उलटतपासणी घेतली जाते, आणि तिचा उपयोग झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पण माझ्यासारख्या उगाळणाऱ्या मनाची एक अडचण होते. रात्री दोन वाजता विचाराशी वाद घालायला बसलं, की तो वादच उगाळण्यात जमा होतो.

एमबीसीटी विचार खरा की खोटा यात शिरत नाही. ‘माझा कुणाला उपयोग नाही’ हे वाक्य आलं, की मनात एवढंच म्हणायचं: ‘माझा उपयोग नाही, असा विचार आत्ता आला आहे.’ लेडीज डब्यात कुणाचा तरी फोन आपल्याच रिंगटोनमध्ये वाजतो, हात पर्सकडे जातो आणि लगेच लक्षात येतं, की हा आपला नाही. फोन वाजत राहतो, आपण मात्र तो घेत नाही. तसंच हे. विचार बंद पाडायचा नसतो. तो येणारच. त्याला उत्तर देण्याची सक्ती आपल्यावर नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ मोकळं वाटतं.

घरची माणसं मायेपोटी म्हणतात, “अगं, एवढा विचार करू नकोस.” नणंदबाईही मला हेच म्हणायच्या. सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण विचार करू नकोस म्हटल्याने तो थांबत नाही. आता त्या विचारतात, “वहिनी, डोक्यात चाललंय का काही?” आणि मी म्हणते, “हो, चाललंय.” त्या ‘चाललंय’मध्येच मी त्याच्यापासून पाऊलभर लांब उभी राहिलेली असते.

५. परतीची वाट शरीरातून जाते

पहिल्या वर्गात आमच्या तळहातावर एक मनुका ठेवला. आयुष्यात कधीच पाहिलेला नाही असं समजून बघा, असं सांगितलं. सुरकुत्यांमध्ये उजेड कुठे अडतो, बोटांनी दाबला की कुठे मऊ आणि कुठे चिकट लागतो, कानाजवळ चोळला तर बारीक आवाज येतो का, जिभेवर ठेवला की चावण्याआधीच तोंडाला पाणी कसं सुटतं. शिऱ्यात आणि खिरीत आजवर ढीगभर मनुके खाल्ले, पण त्याची चव मधेच आंबट होऊन पुन्हा गोड होते, हे त्या दिवशी कळलं. तेवढा वेळ उगाळणं बंद होतं. मी ते थांबवलं नव्हतं. लक्ष दुसरीकडे पूर्ण गुंतलं होतं.

याचं मेंदूतलं कारण टोरांटोच्या नॉर्मन फार्ब यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसतं. स्वतःकडे बघण्याच्या दोन तऱ्हा असतात: एक स्वतःची गोष्ट सांगण्याची, दुसरी आत्ता जे जाणवतंय ते जाणवून घेण्याची. आठ आठवड्यांचं माइंडफुलनेस प्रशिक्षण घेतलेले लोक दुसऱ्या तऱ्हेत शिरले, तेव्हा कपाळामागच्या मधल्या भागातली हालचाल कमी झाली आणि शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा इन्सुला हा भाग पुढे आला. प्रशिक्षण न घेतलेल्यांमध्ये या दोन तऱ्हा एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या. सरावाने त्या सुट्या होतात.

रोजच्या धावपळीत मला सर्वांत उपयोगी पडली ती तीन मिनिटांची श्वासाची विश्रांती. पहिल्या टप्प्यात, मनात आणि अंगात आत्ता काय चाललंय ते नुसतं पाहायचं. दुसऱ्यात, लक्ष फक्त श्वासावर आणायचं. तिसऱ्यात, ते श्वासापासून सगळ्या शरीरावर पसरवायचं. घाटकोपरहून चकाल्याला जाताना मेट्रोत उभ्याउभ्या मी हे करते. चपलेखाली जाणवणारी डब्याची थरथर, कडी धरलेल्या हाताचं ताणलेलं मनगट, पाठीवरच्या बॅगेचं वजन. असल्फा, साकीनाका, मरोळ नाका. गर्दी असते, घोषणा चालू असतात, आणि तरीही हे जमतं. शांत खोलीची वाट पाहत बसले असते, तर मुंबईत माझा सराव कधी झालाच नसता.

६. दुःख तेवढंच राहतं, त्याच्या पुढचं बदलतं

माइंडफुलनेस शिकलं की वाईट वाटणं बंद होईल, ही अपेक्षा घेऊन आमच्या वर्गात बरेच जण आले होते. फार्ब यांच्याच चमूचा २०१० चा एक अभ्यास मला याबाबत फार बोलका वाटतो. लोकांना दुःखी चित्रपटांमधले तुकडे दाखवले. आठ आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही गटांनी आपल्याला सारखंच वाईट वाटल्याचं सांगितलं. मेंदूच्या चित्रांत मात्र फरक होता. प्रशिक्षण न घेतलेल्यांमध्ये स्वतःबद्दलच्या विचारांचे भाग उसळले आणि शरीराच्या संवेदना टिपणारे भाग मंदावले. प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये ही उलथापालथ कमी होती. वाईट वाटणं अंगात जाणवत राहिलं, त्याची गोष्ट होणं मात्र आवरलं गेलं.

माझाही अनुभव हाच आहे. आईच्या आठवणीने आजही रडू येतं. पूर्वी रडण्यामागोमाग ‘मी तिच्यासाठी काय केलं?’ सुरू व्हायचं आणि अख्खी संध्याकाळ त्यात जायची. आता रडू येतं, छातीत भरून येतं, हळूहळू ओसरतं, आणि मी भाजी फोडणीला टाकते.

७. मेंदूबद्दलचे मोठे दावे जपून ऐकावेत

ध्यानाने आठ आठवड्यांत मेंदू वाढतो, असं व्हॉट्सॲपवर वाचायला मिळतं. याचं मूळ २०११ च्या एका अभ्यासात आहे. त्यात स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये वाढ दिसली होती, पण प्रशिक्षण घेणारी माणसं अवघी १६ होती. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोनशेहून अधिक लोकांवर काटेकोर अभ्यास केला, तेव्हा आठ आठवड्यांनी मेंदूच्या रचनेत असा बदल आढळला नाही. मेंदूचे भाग एकमेकांबरोबर कसे चालतात यात फरक पडतो, असं दाखवणारे अभ्यास आहेत. त्याची रचनाच एवढ्यात बदलते, असं म्हणायला आधार नाही.

माझ्या मते भरवसा ठेवावा तो रुग्णांच्या आयुष्यात काय घडतं त्यावर. विलेम कायकेन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वारंवार नैराश्य येणाऱ्या या रुग्णांपैकी निम्म्यांनी एमबीसीटी शिकत डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं कमी केली, बाकीच्यांनी औषधं चालू ठेवली. दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा आलं. म्हणजे ही पद्धत औषधांहून सरस ठरली नाही, त्यांच्या तोडीची मात्र निघाली. पुढल्या वर्षी ९ अभ्यासांतल्या १,२५८ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा ६० आठवड्यांत एमबीसीटी घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आलं. या आकड्यांत चमत्कार नाही, पण अकरा टक्क्यांचा हा फरक म्हणजे कित्येक घरांतली सावरलेली माणसं आहेत.

८. ही विद्या आपल्या शेजारची आहे, तरी शिबिर म्हणजे उपचार नव्हे

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. पर्यटक चैत्यगृहापाशी फोटो काढून परततात. मला ओढ असते ती वरच्या अंगाच्या छोट्या विहारांची. आत जेमतेम एका माणसापुरती खोली, कडेला दगडात कोरलेला झोपण्याचा ओटा, दाराबाहेर पाण्याची पोढी. शतकानुशतकं भिक्षू इथे राहिले. अंधेरीची महाकाली लेणीही त्यांचीच. श्वासाकडे आणि मनाकडे न गुंतता पाहायची शिस्त आपल्या उपनगरांतल्या या कातळांवर घोटली गेली आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बौद्ध ध्यान आणि योग यांच्यातून रुग्णांसाठी अभ्यासक्रम तयार केला, आणि एमबीसीटी त्याच्यावर उभी राहिली.

म्हणूनच लोक मला विचारतात, “मग गोराईच्या पॅगोडाला किंवा इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस जाऊन आलं तर?” विपश्यनेबद्दल मला आदर आहे. पण दहा दिवसांचं मौन आणि दिवसभर ध्यान हे निरोगी मनासाठीही कष्टाचं असतं. नैराश्य भरात असताना एवढा वेळ डोळे मिटून बसलं, तर उगाळायला ऐसपैस जागा मिळू शकते. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधं यांची माहिती विचारली जाते. ती लपवू नका आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. एमबीसीटीत सराव थोडाथोडा वाढवतात, नैराश्याची जाण असलेला शिक्षक सोबत असतो आणि काय जाणवलं ते दर आठवड्याला बोलून घेता येतं.

९. सराव बऱ्या दिवसांत, वाईट दिवसांत डॉक्टर

ज्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, झोप उडालेली असते, त्या दिवशी ‘श्वासाकडे लक्ष दे’ असं कुणालाही सांगू नये. एमबीसीटी मुळात बरं झालेल्यांना पुन्हा घसरण्यापासून वाचवण्यासाठी घडवलेली आहे. आजार भरात असताना आधी औषध, समुपदेशन आणि माणसांची सोबत लागते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. वर सांगितलेल्या ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासातही त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी केल्या होत्या.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर कूपर, शीव, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर, ठाण्यात, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर सराव बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी फोन करा, जवळच्या माणसाला हाक मारा, रुग्णालय गाठा.

१०. आपली लक्षणं कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्या

वर्गाच्या शेवटच्या आठवड्यांत प्रत्येकाने आपापली यादी केली: मन घसरू लागलं की माझ्यात पहिलं काय बदलतं? प्रत्येकाचं वेगळं निघालं. माझ्या यादीत आहे: पहाटे चारला जाग येते, मैत्रिणींचे मेसेज वाचूनही उत्तर देत नाही, आंघोळीला उशीर करते, चहा गार होईपर्यंत तसाच राहतो. दुसऱ्या बाजूला, तेव्हा काय करायचं ते: तीन मिनिटांची विश्रांती, संध्याकाळी घराबाहेर एक फेरी, बहिणीला फोन, आणि आठवडाभर हेच चाललं तर डॉक्टरांची वेळ घ्यायची.

हा कागद मी नवऱ्याला आणि मुलीला वाचून दाखवला, कारण घसरणाऱ्या मनाला आपण घसरतोय हे सगळ्यात शेवटी कळतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर वीस माणसांमागे एकाला नैराश्य गाठतं. आपल्या इमारतीच्या एकेका मजल्यावर, लोकलच्या एकेका डब्यात असं कुणीतरी आहे. उदासी येणं आपल्या हातात नाही. पहिल्या दोन मिनिटांत ती ओळखणं शिकता येतं, आणि ते एकट्याने शिकायचं नसतं. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर बऱ्या दिवसांत त्यांच्यासोबत बसून ही यादी लिहायला घ्या.